हजार चंद्र आणि काकूचा हांडवो कुकर

आजीने स्वतःच्या सहस्रचंद्रदर्शनाला नाही म्हटलं तेव्हा ती मेथी निवडत होती. तिने मानही वर केली नाही. "ते जोडप्याचं असतं," ती म्हणाली. "हे गेल्यावर माझं कसलं आलंय ओवाळणं? लोक काय म्हणतील?" बाबा गप्प बसले. आई काहीतरी बोलायला गेली, पण आजीने मेथीच्या काड्या कागदात गुंडाळल्या आणि विषय संपवला.

ही गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. आजीला ऐंशी पूर्ण होऊन सहा महिने झाले होते. ज्यांना हिशेब माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मलाही नव्हता. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस. अशा हजार पौर्णिमा व्हायला ऐंशी वर्षं आणि वर सुमारे दहा महिने लागतात. म्हणून बहुतेक घरांत एक्क्याऐंशीव्या वर्षात हा समारंभ करतात. आजीचा जन्म चैत्रातला, म्हणजे तिचा हजारावा चंद्र माघात येत होता. बडोद्यात माघ म्हणजे हवा छान, पतंगांचा गोंधळ संपलेला, पाहुण्यांना यायला सोयीचं. सगळं जुळत होतं, फक्त उत्सवमूर्तीच तयार नव्हती.

मी तिला नातवंडांनी वापरायचं नेहमीचं शस्त्र वापरून पाहिलं. म्हटलं, "बरं, पूजा नको, ओवाळणं नको. नुसतं जेवण ठेवू. आलेल्या प्रत्येकाला काहीतरी गोड द्यायला तर लागेल. तू सांग काय द्यायचं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पेढे नकोत. सगळेच देतात. नानकटाई दे. पण घरची."

*

तुमच्यापैकी जे नव्वदच्या आसपास जन्मलेत आणि जुन्या बडोद्यात वाढलेत, त्यांना भट्टीची नानकटाई आठवत असेल. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यापासून चालत दहा मिनिटांवर एक बेकरी होती. दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस तिथे पाव कमी आणि लोकांचे डबे जास्त असत. मैदा, तूप, साखर आपण न्यायची, बेकरीवाला मळून, भाजून द्यायचा आणि किलोप्रमाणे भाजणावळ घ्यायचा. ज्या बायकांचा त्याच्या हातावर विश्वास नव्हता त्या घरूनच पीठ मळून, गोळे करून न्यायच्या. आमची आजी अर्थातच दुसऱ्या गटातली.

मी तिच्याबरोबर जायची. तिच्या हातात पितळी डबा, माझ्या हातात रिकामा पत्र्याचा डबा. भट्टीच्या तोंडाशी लांब दांड्याचं लाकडी फावडं घेऊन एक काका उभे असायचे, अंगात गंजी, खांद्यावर पंचा. काळ्या पत्र्यांवर आजी स्वतः गोळे मांडायची आणि प्रत्येकाच्या मधोमध तीन चारोळ्या दाबायची. एक नाही, दोन नाही, तीन. ती आमची खूण होती. शेजारच्या बेन पिस्त्याचा काप लावायच्या, कोणी अंगठ्याचा ठसा उमटवायचं, कोणी काट्याने रेघा ओढायचं. भट्टीतून पंचवीस घरांची नानकटाई एकदम बाहेर यायची, तेव्हा कोणाची कुठली हे त्या खुणांवरून कळायचं.

एका वर्षी तरीही डबा बदलला. आजीने घरी येऊन झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाली, "ही आपली नाही, ही डालड्याची." वरून बघितलं तर चारोळ्या नव्हत्याच. ती तशीच पायात चपला सरकवून परत गेली. आमची साजूक तुपातली नानकटाई कोणी तरी दिवाळीभर खाल्ली, याचं दुःख तिने पुढची दहा वर्षं बाळगलं.

आता ती बेकरी नाही आणि आमचा वाडाही नाही. सात वर्षांपूर्वी तो विकला. त्या वेळी बाबा आणि काका यांच्यात जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मोठं भांडण नव्हतं, पण त्यानंतर दोन्ही घरं एकमेकांना फक्त लग्नात आणि तेराव्याला भेटू लागली. काका-काकू मांजलपूरला, आम्ही कारेलीबागेत. शहर तेवढंच, पण मधे अंतर.

*

नानकटाई आपली की गुजराती, हा वाद आमच्या घरात कायम असतो, कारण आईचं माहेर भरूचचं आणि ती 'नानखटाई' म्हणते. खरं तर ती दोघांचीही नाही. तिचं गाव सुरत, आपल्यापासून दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. सतराव्या शतकात सुरतेला डच व्यापाऱ्यांची वखार होती आणि त्यांना पाव लागायचा. असं सांगतात, की जाताना डचांनी आपली भट्टी तिथे काम करणाऱ्या एका पारशी माणसाच्या हाती सोपवली. ते दोटीवाला घराणं. गोरे गेल्यावर पावाला गिऱ्हाईक राहिलं नाही. ताडी घालून फुगवलेला पाव लवकर नासत नसे, तो वाळायचा, आणि स्वस्तात मिळणारा हा वाळका पाव लोकांना चहात बुडवून आवडू लागला. मग त्याने मुद्दामच पाव वाळवून विकायला सुरुवात केली, आणि पुढे इथल्या जिभेला रुचेल असं, अंडं आणि ताडी नसलेलं, तुपातलं बिस्किट केलं. 'नान' म्हणजे फारसीत पाव किंवा रोटी. 'खताई'च्या अर्थावर मात्र जाणकारांचं अजून एकमत नाही, आणि आमच्या घरात कुठल्याच गोष्टीवर नसतं, त्यामुळे मी त्यात पडत नाही.

पण मला ही गोष्ट आवडते. डचांची भट्टी, पारशी हात, फारसी नाव, गुजराती तूप आणि वर मराठी आजीच्या तीन चारोळ्या. सेव-उसळीच्या गावात राहणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. उसळ आपण आणली, सेव त्यांनी घातली, आणि आता बडोद्याबाहेर कुणाला ती समजावून सांगता येत नाही.

*

पहिला घाणा मी आजीला न विचारता केला. ही माझी चूक. इंटरनेटवर पाहून मैदा, तूप, पिठीसाखर घेतली, एकत्र केली, गोळे ट्रेवर ठेवले, ओव्हनमध्ये सरकवले. ऑक्टोबरातलं बडोदं तुम्हाला माहीत आहे. डब्यातलं तूप पाण्यासारखं पातळ होतं. दहा मिनिटांनी काचेतून पाहिलं तर सोळा गोळ्यांची एकच पोळी झाली होती, ट्रेच्या कडेपर्यंत.

आजीला बोलावून दाखवलं. तिने चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हे चंद्र नाहीत गं. हे खग्रास आहे."

मग तिने मला बसवून शिकवलं, आणि हे जे खाली लिहितेय ते जवळजवळ तिचंच आहे. वजनं मात्र माझी, कारण तिचं माप म्हणजे 'ती मोठी वाटी', आणि ती वाटी वाडा विकताना कुठे गेली कोणाला माहीत नाही.

मैदा २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, पिठीसाखर १२५ ग्रॅम, साजूक तूप १६० ग्रॅम. पाव छोटा चमचा खायचा सोडा, एक छोटा चमचा घट्ट दही, चिमूटभर मीठ, वेलची आणि थोडं जायफळ. एवढ्यात अठरा ग्रॅमच्या तीस-एकतीस नानकटाया होतात. वजनकाटा नसेल तर छोट्या लिंबाएवढा गोळा धरा, पण सगळे सारखे हवेत. लहान-मोठे झाले की लहान करपतात आणि मोठे आतून कच्चे राहतात.

सगळी गंमत तुपात आहे. तूप पातळ असलं की ओव्हनच्या उष्णतेने पीठ घट्ट धरण्याआधीच गोळा पसरतो. ते थिजलेलं, दाणेदार, पण बोटाने दाबलं तर खड्डा पडेल इतपत मऊ हवं. उन्हाळ्यात वीस-पंचवीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. आजी परातीखाली गार पाण्याचं ताट ठेवायची. मग तूप आणि पिठीसाखर तळहाताने फेसायची. फेसायची म्हणजे खरंच फेसायची, दहा मिनिटं, एकाच दिशेने, रंग पिवळ्याचा पांढरा होईपर्यंत आणि ते लोण्यासारखं हलकं लागेपर्यंत. या फेसण्यातच हवा शिरते आणि तीच पुढे नानकटाईला खुसखुशीत करते. हाताचा कंटाळा असेल तर बीटर चालतो. आजीला चालत नाही, पण ती बघत नसताना चालतो.

दही आणि सोडा त्या फेसलेल्या तुपात घाला. दह्याच्या आंबटपणाने सोडा जागा होतो, नाहीतर नानकटाईला साबणासारखी चव राहते. मग चाळलेली पिठं. आणि आता मळायचं नाही. हे मी दुसऱ्या घाण्यात शिकले. मी चपातीच्या कणकेसारखं रगडून मळलं आणि जे झालं ते आजीने कवळीचा विचार करून तोंडातच घातलं नाही. मैदा जितका मळाल तितका तो चिवट होतो. इथे बोटांनी नुसतं गोळा करायचं. गोळा होत नसेल तर चमचाभर तूप वाढवा, पाणी किंवा दूध नको. बेसनात तो चिवटपणा नसतो, म्हणून ते घातलं की नानकटाई तोंडात विरघळते, आणि रव्याने थोडी कुरकुर येते. नुसत्या मैद्याची केली तर ती बेकरीतल्या जाहिरातीसारखी दिसते, पण खाताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

गोळे करून थोडे चपटे करा, मधे चारोळ्या दाबा आणि दोघांमध्ये दोन बोटं अंतर ठेवा. ट्रे दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवला तर आणखी उत्तम. ओव्हन आधी दहा मिनिटं १७० अंशांवर तापवा, मग १६० वर मधल्या कप्प्यात सोळा ते अठरा मिनिटं. प्रत्येक ओव्हनचा स्वभाव वेगळा, म्हणून आधी एकच नानकटाई भाजून बघा. एक गेली तर जाऊ दे, सोळा जायला नकोत. मायक्रोवेव्ह असेल तर त्याला कन्व्हेक्शन हवं. नुसत्या मायक्रोवेव्हवर किंवा ग्रिलवर करू नका, माझ्या चुलतबहिणीने केली आणि धूर बघून खालच्या मजल्यावरचे वर आले.

बाहेर काढल्यावर ती मऊ लागते. इथे नव्वद टक्के लोक घाबरतात आणि परत आत ठेवतात. ठेवू नका. खालची कड हलकी बदामी झाली असेल तर झाली. दहा मिनिटं ट्रेवरच राहू द्या, गार होता होता ती कडक होते. गरम असताना उचलली तर हातात भुगा येतो. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, नाहीतर आतल्या वाफेने मऊ पडते. घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे छान टिकते, म्हणजे टिकू दिली तर.

तिसऱ्या घाण्याची आजीने एक खाल्ली. मग अर्धी. काही बोलली नाही, पण उरलेली अर्धी पदराखाली घेऊन देवघरात गेली.

*

हजाराची कल्पना माझी. सहस्रचंद्र, म्हणून हजार नानकटाया. गोल, पिवळट-पांढऱ्या, भेगा पडलेल्या. पौर्णिमेच्या चंद्राकडे दुर्बिणीतून बघितलंत तर फार वेगळा दिसत नाही. बोलून गेले आणि मग हिशेब करायला बसले.

हजारासाठी तेहेतीस घाणे. मैदा साडेसहा किलो, साखर चार किलोंच्या वर, तूप सव्वापाच किलो. तुपाचा आकडा ऐकून बाबांनी पेपर खाली ठेवला. माझ्या ओव्हनच्या ट्रेवर एका वेळी सोळा, म्हणजे त्रेसष्ट ट्रे. भाजणं आणि ट्रे बदलणं धरून एकाला तेवीस मिनिटं. सलग चोवीस तास. एका ओव्हनवर हे शक्य नव्हतं, चार घरांत वाटलं तर प्रत्येकी सहा तास.

दोन घरं लगेच मिळाली. आत्या आणि अलकापुरीतली चुलतबहीण, म्हणजे आत्ताच सांगितलेली धूरवाली, जिने दरम्यान नवा ओव्हन घेतला होता. चौथ्या घराचं नाव कोणीच घेत नव्हतं. शेवटी मीच आई-बाबांना न सांगता काकूला फोन केला. सात वर्षांत मी तिला सणावाराला मेसेज पाठवायचे, ती हात जोडल्याचं चित्र पाठवायची, एवढंच.

मी सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "माझ्याकडे ओव्हन नाही गं."

मला वाटलं, संपलं. पण तीच पुढे म्हणाली, "हांडवोचा कुकर आहे. वाळूचा. चालेल?"

आपल्याकडच्या घरांत हा कुकर असतोच, पण नवीन लग्न झालेल्यांसाठी सांगते. ॲल्युमिनियमचं गोल भांडं, वर झाकण आणि खाली वाळू भरलेली बैठक. गॅसवर ठेवला की वाळू तापते आणि भांड्याला सगळीकडून सारखी धग देते. छोटीशी भट्टीच म्हणा. वाळूसकट दहा मिनिटं आधी तापवायचा, मग आच अगदी मंद. एका वेळी नऊ मावतात, वीस-बावीस मिनिटं लागतात.

मी मनात गुणाकार केला. अडीचशेला अठ्ठावीस वेळा, म्हणजे जवळजवळ बारा तास. म्हटलं, "काकू, तू शंभरच कर. बाकीच्या मी करते."

"बाकीचे अडीचशे करणार आणि मी शंभर?" काकू म्हणाली. "सासू माझीही आहे."

*

समारंभाच्या आधीचे दोन दिवस चारही घरांत भाजणं चाललं होतं. फेब्रुवारीची थंडी, त्यामुळे आता उलटी अडचण: तूप दगडासारखं. ते उन्हात ठेवायचं, गॅसवर नाही. आत्याने घाईने गॅसवर ठेवलं आणि तिचे पहिले दोन ट्रे खग्रास झाले. तीन हजार चारोळ्या लावायला लागतील हे कळल्यावर तिने एकच लावू या असा प्रस्ताव मांडला. आजीने फोनवरून तो फेटाळला. "एक लावलीत तर ती आपली कशी कळेल?" पंचवीस घरांची भट्टी आता नाही, डबा बदलायला कोणी नाही, हे तिला सांगून उपयोग नव्हता.

शनिवारी रात्री अकराला काकूचा फोन. खालची बाजू जास्त लाल होतेय, वरून पांढरीच आहे, काय करू? आवाज रडवेला. एकशे ऐंशी झाल्या होत्या आणि शेवटचे दोन घाणे खालून करपले होते. मी फोन स्पीकरवर टाकला. आई शेजारीच चारोळ्या निवडत होती. सात वर्षांत त्या दोघी सरळ बोलल्या नव्हत्या. मी काही म्हणायच्या आत आईच म्हणाली, "वाळू फार तापली असेल. दहा मिनिटं गॅस बंद ठेवा. आणि ताटलीखाली अजून एक स्टीलची ताटली घाला, उपडी."

तिकडून क्षणभर काहीच नाही. मग, "घालते, वहिनी."

पंधरा मिनिटांनी फोटो आला. नऊ नानकटाया, बदामी. आईने तो मोठा करून बघितला आणि पाठवला त्यापेक्षा जास्त वेळ बघत राहिली.

*

रविवारी सकाळी ग्वाल्हेरहून मावशीआजी आली, आजीची धाकटी बहीण. आजीचं माहेर ग्वाल्हेरचं. तिने मुरैन्याच्या गजकचे चार डबे आणले आणि आल्याआल्या विचारलं, "होम नाही, ओवाळणं नाही, मग करताय काय?" आम्ही म्हटलं, नानकटाई. ती हसली नाही.

हॉलच्या एका टेबलावर आत्याने कणकेचे एक्क्याऐंशी दिवे मांडले होते. आजीशी ठरलेलं होतं की ही नुसती शोभा. दिव्यांच्या भोवती नानकटाया गोलात रचल्या होत्या, चार घरांच्या मिसळून, कोणती कोणाची हे फक्त करणाऱ्याला कळेल. मांजलपूरहून काका आले, दोन्ही हातांत डबे. बाबांनी पुढे होऊन एक डबा घेतला. "जड आहे," काका म्हणाले. "दे," बाबा म्हणाले. एवढंच बोलणं झालं, पण नंतर मी पाहिलं तर दोघं खुर्च्या लावत होते आणि कुठली ओळ सरळ नाही यावरून वाद घालत होते, म्हणजे सगळं ठीक होतं.

आजी जांभळी इरकल नेसून खुर्चीत बसली. लोक येऊन पाया पडत होते. टेबलावरचे दिवे कोणीतरी पेटवले. मग मावशीआजी उठली, निरांजनाचं ताट घेतलं, कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी, आणि सरळ आजीच्या समोर जाऊन उभी राहिली. तिचे यजमान जाऊन बारा वर्षं झालीत.

आजी म्हणाली, "अगं, तू काय करतेस?"

"ताई, मला कोणी ओवाळत नाही आणि तुला कोणी ओवाळत नाही," ती म्हणाली. "मग आपणच ओवाळू. हजार चंद्र तू बघितलेस ना, की भाऊजींनी तुझ्या वाटचे बघितले?"

हॉल शांत झाला. आमच्या ओळखीतल्या एक-दोन वडीलधाऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, हे मी पाहिलं. आजीनेही पाहिलं असणार. ती थोडा वेळ मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. मग तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मान किंचित पुढे केली, जशी लहान मुलं औक्षणाला करतात.

मावशीआजीचं झाल्यावर आईने ताट घेतलं, मग काकूने, मग आत्याने, मग आम्ही नातींनी. सगळ्यात शेवटी आजीने ताट स्वतःच्या हातात मागितलं आणि मावशीआजीला समोर बसवलं.

*

हजार झाल्या का, असं सगळे विचारतात. नाही. करपलेल्या, मोडलेल्या आणि बाबांनी 'चव बघतो' म्हणून खाल्लेल्या वजा जाता नऊशे बासष्ट. दोनशे लोकांना चार-चारची पाकिटं दिली. आजी म्हणाली, अधूनमधून ढगाळ पौर्णिमाही असतात, तेवढ्या सोडून द्या.

संध्याकाळी सगळे गेल्यावर तिने ताटातली एक उचलली, उलटी करून बुडाकडे पाहिलं, वास घेतला आणि खाल्ली. मग दुसरी उचलली, तीही उलटी करून पाहिली. तिसरी खाताना थांबली. "ही कोणाची?"

ती खालून जरा जास्त लाल होती. काकू दाराशी चपला घालत होती, ती तिथेच थांबली.

"ही भट्टीची लागते," आजी म्हणाली.

काकू परत आत आली आणि तिच्याजवळ बसली. निघायला साडेदहा वाजले. हांडवोचा कुकर ती त्या दिवशी वाढप्यांच्या सामानाबरोबर आमच्याकडेच विसरली. दुसऱ्या दिवशी मी फोन केला, तर म्हणाली राहू दे तिथेच, होळीला आले की नेईन, तोवर आजीला त्यात एक घाणा करून घाल.